मोकळ्या पोर्टवरचा दिवा

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते चहाबरोबर, करमणूक म्हणून. पिंपळाखालची बाई, वळून बघू नको सांगणारा म्हातारा, आपोआप हलणारा झोपाळा... वाचायचं, हसायचं आणि कामाला लागायचं. आमच्या घरी मांजर आडवं गेलं की सगळे थांबतात. मी मांजराला विचारतो, "तुला उशीर तर नाही ना झाला?" असा माणूस आज स्वतः इथे लिहायला बसलाय, त्यामुळे तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

माझं नाव किशोर. मूळ गाव अमळनेर तालुक्यात, पण जन्म आणि शाळा सुरतेतच, उधन्याला. वडील लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर होते, मी नेटवर्कमध्ये शिरलो. कारखान्यांमध्ये कॉम्प्युटर, कॅमेरे, हजेरीची मशीनं, इंटरकॉम हे सगळं एकमेकांना जोडून द्यायचं आणि चालू ठेवायचं हा माझा धंदा. या धंद्यात भुताखेताला जागाच नसते. एक मेसेज निघतो, वायरमधून जातो, स्विच नावाचा डबा बघतो की हा कुणासाठी आहे, त्याच पोर्टमधून, म्हणजे वायर खुपसायच्या भोकातून, त्याला पुढे पाठवतो. नाही पोचला तर वायर तुटलीय, पिन वाकलीय नाहीतर कुणीतरी शहाणपणा केलाय. चौथं कारण मी पाहिलेलं नाही. म्हणजे, पाहिलेलं नव्हतं.

आणखी एक नियम सांगून ठेवतो, तो पुढे लागेल. स्विचच्या प्रत्येक पोर्टला बारीकसा हिरवा दिवा असतो. वायर लावली आणि पलीकडच्या टोकाला चालू मशीन असेल तरच तो लागतो. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो — दिवा लागला म्हणजे पलीकडे कुणीतरी जिवंत आहे.

गोष्ट दसऱ्याची. सचिनला, सुरतेजवळच्या औद्योगिक वसाहतीत, एका डाईंग मिलचं सगळं नेटवर्क मी बसवलेलं आहे. कापड रंगवायची मिल. तिथेच माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पंपावर कामाला आहेत. रंगाचं वापरलेलं पाणी जमिनीखालच्या टाकीत जमतं आणि तिला लागूनच, जिना उतरून खाली, पंपाची खोली आहे. दाजी म्हणजे कमी बोलणारा, खाली मान घालून काम करणारा माणूस. मी जेवताना नेटवर्कच्या बढाया मारायला लागलो की ते कौतुकाने ऐकत बसतात. मी त्यांना नेहमी सांगायचो, "दाजी, माझ्या वायरमध्ये टाकलं ना, की पलीकडे पोचलंच समजा!" ते मान हलवायचे. ताई हसायची.

आमच्या वैशालीताईचं आणि त्यांचं एक गमतीचं आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दाजींच्या तोंडून तिचं नाव कधी कुणी ऐकलं नाही. जुन्या वळणाचं घर. "सोनीनी माय" अशी हाक मारायची, म्हणजे सोनीची आई. सोनी व्हायच्या आधी काय म्हणत होते, असं मी एकदा विचारलं तर ताई म्हणाली, "नुसतं खोकेत!"

तर दसरा. मिलमध्ये सकाळी मशीनांची पूजा होते, मग सुट्टी. मीही उधन्याला ताईच्या घरी. फाफडा-जिलेबीच्या रांगेत उभं राहून पुडे आणलेले, सोनी नवा फ्रॉक घालून आपट्याची पानं वाटायला तयार, आणि दाजींचा पत्ता नाही. सगळ्यांच्या आधी घरी येणारा माणूस. जेवणाची वेळ टळली. ताईने चारदा फोन लावला, रेंजच्या बाहेर.

तेवढ्यात मला शेठचा फोन आला. "किशोरभाई, बद्धा कॅमेरा बंद छे, इंटरकॉम पण बंद. रजाच्या दिवशी मिल सूनी पडी छे, जरा जाई आवो ने."

मी स्कूटर काढली. ताई दारात आली. चेहरा उतरलेला. "तुन्हा दाजीले संगे लई ये," ती म्हणाली. "माले काही बरं नही वाटी राहिनं."

"मित्रांमध्ये बसले असतील गं," मी म्हणालो. खरं तर दाजींना असे बसायचे मित्र नाहीत, हे मलाही माहीत होतं.

मिलवर गेलो. गेटवर चौकीदार, आत ऑफिसात चहापाणी बघणाऱ्या रमीलाबेन, बाकी चिटपाखरू नाही. चौकीदाराला दाजींबद्दल विचारलं. "पूजा के बाद सब चले गये साहब," तो म्हणाला. मी सर्व्हर रूममध्ये शिरलो आणि बघतच राहिलो. रॅक झेंडूच्या माळांनी सजवलेला, स्विचवर हळदकुंकवाची बोटं, वर नारळ. आणि स्विचचे सगळे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकतायत.

बघताक्षणी निदान झालं. लूप. म्हणजे एकाच वायरची दोन्ही टोकं कुणीतरी त्याच स्विचमध्ये खुपसलीयत. स्विचला एखादं मशीन सापडलं नाही की तो सगळ्या पोर्टना विचारतो, "हा कुणाचा मेसेज?" तो प्रश्न त्या वायरमधून फिरून त्याच्याकडेच परत येतो, त्याला वाटतं नवा आला, तो परत सगळ्यांना विचारतो... आणि हे सेकंदाला हजारो वेळा. थोड्याच वेळात खऱ्या मेसेजला हलायला जागा राहत नाही. संध्याकाळी मार्केट सुटताना पर्वत पाटियाच्या चौकातला सिग्नल बंद पडला की जे होतं तेच. अशा वेळी त्या नेटवर्कवरून काहीही, अक्षरशः काहीही, पलीकडे जात नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो.

"रमीलाबेन, इथे वायरला हात कुणी लावला?"

"में," त्या अगदी अभिमानाने म्हणाल्या. "एक वायर लटकतो हतो. पूजामां लटकतुं सारुं नहीं लागे. खाली जग्या हती, नाखी दीधो."

पूजेच्या वेळी लोंबतं काही राहू नये म्हणून दिसेल त्या मोकळ्या भोकात वायर खुपसून माझं अख्खं नेटवर्क आडवं केलं होतं बाईंनी, आणि वर मला प्रसादाचा पेढा. मी पेढा खाल्ला, हसलो आणि माळा बाजूला करून ती वायर शोधायला लागलो.

आणि टेबलावरचा इंटरकॉम वाजला.

मी आधी दचकलोसुद्धा नाही, चिडलो. कारण तो वाजूच शकत नव्हता. हे इंटरकॉम याच स्विचवरून चालतात. लूप अजून तसाच होता, दिवे लुकलुकत होते. मी वाकून स्क्रीन बघितली. नाव आलं होतं — पंप रूम.

आता नीट ऐका. पंपाच्या खोलीतला फोन बिघडला म्हणून मिलच्या इलेक्ट्रिशियनने तो आधीच काढून मला दुरुस्तीला दिला होता. तो त्या क्षणी माझ्या स्कूटरच्या डिकीत होता, पेपरात गुंडाळलेला. रॅकमधली त्याची वायरही तेव्हाच काढलेली.

"फोन उपाडो ने, वागे छे," रमीलाबेन म्हणाल्या. म्हणजे एकट्या मलाच ऐकू येत होता असंही नाही.

मी उचलला. पाण्याचा आवाज. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. आणि खूप लांबून, घोगरा, थकलेला एक पुरुषी आवाज — "वैशाली... ए वैशाली..."

मग फोन मेला. स्क्रीनसुद्धा काळी.

आवाज ओळखीचा होता, पण त्या आवाजात ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यामुळे डोकं जुळवाजुळव करेना. सवयीने माझी नजर स्विचकडे गेली. 'पंप' अशी पट्टी लावलेला पोर्ट मोकळा होता. वायरच नाही, नुसतं भोक, त्याच्या कडेला कुंकवाचं बोट. बाकीचे सगळे दिवे थैमान घालत होते आणि त्या मोकळ्या पोर्टचा दिवा मात्र एकटा, शांत, स्थिर हिरवा.

तिथे मला घाबरायला हवं होतं. घाबरलो नाही. माझ्या डोक्यात फक्त माझाच नियम आला — दिवा लागलाय, म्हणजे पलीकडे कुणीतरी जिवंत आहे. मी चौकीदाराला हाका मारत मागच्या बाजूला पळत सुटलो.

मागे शेडच्या आडोशाला दाजींची मोटरसायकल उभी होती. पंपाच्या खोलीच्या लोखंडी दाराला बाहेरून कडी. "दरवाजा खुला पडा था, तो मैंने कडी लगा दी," चौकीदार धापा टाकत म्हणाला. कडी काढली. आत काळोख, रंगाचा आणि केमिकलचा नाकात झोंबणारा वास, आणि जिन्याच्या निम्म्या पायऱ्या गडद जांभळ्या पाण्याखाली.

"दाजी!"

पंपाच्या फाउंडेशनवर ते उभे होते. पाणी छातीला लागलेलं. एका हातात पाना. आम्ही दोघांनी धरून त्यांना वर ओढलं. उन्हात आल्यावर ते आडवे झाले आणि नुसते श्वास घेत राहिले. नवा पांढरा सदरा जांभळा झाला होता. मी रडलो. सांगायला लाज कसली.

झालं होतं ते साधंच होतं. सगळ्यांची पूजा आटोपल्यावर दाजी आपल्या पंपाला हळदकुंकू लावायला एकटेच खाली उतरले. वर इलेक्ट्रिशियनने सुट्टीची म्हणून ऑफिस सोडून बाकी मिलची मेन लाईन पाडली, चौकीदाराने कडी घातली. त्या खोलीत जुन्या पाइपातून पाणी पाझरत असतं आणि छोटी मोटर ते सतत बाहेर फेकते. वीज गेली, मोटर थांबली, पाणी चढत राहिलं. मोबाईलला खाली रेंज नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की पाण्यापेक्षा त्या वासाने घात केला असता, अजून थोडा उशीर झाला असता तर. एक रात्र ठेवून घेतलं आणि सोडलं.

दवाखान्यात मी त्यांना विचारलं, "दाजी, फोन कुठून केला?"

"कोठला फोन? फोन तर तूच लई गयथा." मग ते लाजल्यासारखे हसले. "भितवर ती वायर लोंबी राहिंती ना, फोननी... ती हातमा धरीसन हाका मारी राहिंतू. तूच सांगस ना भो, तुन्हा वायरमा टाकं का तठे पोचसच."

बढाई मारावी तर माणसाने जपून मारावी!

आता तुमच्या शंका. त्या जागेत पूर्वी कुणी मेलं होतं का? नाही, मी चौकशी केली. पोर्ट खराब असेल? दुसऱ्या दिवशी मी तो टेस्टरवर घेतला, वायर लावून, काढून, स्विच बंद-चालू करून बघितला. नवाकोरा असल्यासारखा चालतो. वायर काढली की दिवा जातो, आणि नंतर कधीही तो आपोआप लागलेला नाही. इंटरकॉमच्या रेकॉर्डमध्ये त्या दुपारी एकही कॉल नाही. लूप काढेपर्यंत त्या मिलमधून एक मेसेजही कुठे गेलेला नाही. डिकीतला फोन पेपरात तसाच होता. माझ्या क्षेत्रातल्या ज्या ज्या जाणकारांना विचारलं, ते म्हणाले, तुला भास झाला. मग रमीलाबेनना काय झालं? त्या म्हणतात, माताजीनी कृपा. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पूजेला वायर खुपसू नका एवढंच सांगितलंय, आणि लोंबणारी प्रत्येक वायर बांधून ठेवतो.

मी बदललोय का? फारसा नाही. मांजर आडवं गेलं तर अजूनही थांबत नाही. नेटवर्क बंद पडलं की अजूनही आधी तुटलेली वायरच शोधतो, आणि ती सापडतेच. फक्त तो पोर्ट मी कुणालाच दिलेला नाही. पंपाच्या खोलीचा नवा फोन शेजारच्या पोर्टवर आहे.

दाजींना घरी आणलं त्या दिवशी संध्याकाळी मी ताईला सगळं सविस्तर सांगितलं. स्विच, लूप, मोकळा पोर्ट, हिरवा दिवा, फोनमधला आवाज. तिला पटावं म्हणून कागदावर आकृती काढून दाखवली. ती कणिक मळत होती. आकृतीकडे तिने बघितलंही नाही. मळता मळता तिचा हात थांबला.

"त्यासनी मन्हं नाव लिधं?" तिने हळूच विचारलं.

मी हो म्हणालो. या सगळ्या प्रकरणात मला खात्रीने उत्तर देता येईल असा तेवढा एकच प्रश्न होता.