व्याह्यांची बिअर आणि माझी

मी आयुष्यात बिअरचा थेंब चाखलेला नाही, आणि तरी लीड्सच्या घरी पाच-सहा वर्षं मी बिअर केली. पंचशील पाळणारा माणूस मी. मद्यापासून दूर राहायचं, हे त्यातलं पाचवं शील, आणि ते मी कधी मोडलं नाही. बिअर केली ती पिण्यासाठी नव्हतीच. जळफळाट झाला होता माझा, म्हणून केली.

नव्वदच्या आसपास मुलाचं लग्न झालं, इंग्लिश मुलीशी. सून गुणी, तिच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण तिचा बाप! बस डेपोतला रिटायर्ड मेकॅनिक, गडगडून हसणारा, आणि स्वतःच्या गॅरेजमध्ये बिअर करणारा. लग्नाची हळद उतरली नाही तोच आमचे चिरंजीव दर शनिवारी तिकडे! लहानपणी 'चल, शेडला रंग देऊ' म्हटलं की याचा नेमका होमवर्क निघायचा. आता सासऱ्याच्या बाटल्या धुतोय. रविवारी आमच्याकडे जेवायला आला की तोंडात यीस्टशिवाय दुसरा विषय नाही. एकदा म्हणाला, "डॅड म्हणतो, बिअरला घाई करायची नाही."

कोण डॅड? मी समोर बसून वरणभात कालवतोय! सासऱ्याला तसं म्हणायची पद्धत असेल त्यांच्यात, मला माहीत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, मुलगा सुखात आहे ना? मग तुमच्या पोटात का दुखतंय?" बायको नंतर म्हणाली.

दुखतंय तर दुखतंय. सोमवारी कामावरून येताना केमिस्टकडून बिअरचं किट घेऊन आलो, इकडे ते औषधांच्या दुकानातही मिळायचं. हॉप्सची कडू फुलं घातलेल्या, माल्टच्या म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या, काकवीसारख्या पाकाचा डबा, यीस्टची पुडी आणि झाकणाची मोठी बादली. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारा, निर्जंतुक करणं मला कोण शिकवणार? बादली, नळी, बाटल्या अशा स्वच्छ केल्या की त्यांत ऑपरेशन करावं. बिअर बिघडते ती बहुतेक वेळा अस्वच्छतेनं, एवढं मला न सांगता कळत होतं.

बाकी सगळं चुकलं. आमच्या बायका थंडीत इडलीचं पीठ एअरिंग कपबोर्डमध्ये, म्हणजे टॉवेल-चादरींच्या उबदार कपाटात ठेवतात, गरम पाण्याच्या टाकीला चिकटून. मीही बादली तिथेच ठेवली. ऊब जास्त तेवढं आंबणं झकास, हा आपला देशी हिशोब. झालं काय, तर घरभर सडक्या केळ्यांचा आणि नेलपॉलिशचा वास, टॉवेलांनासुद्धा. दोन दिवसांत फेस बसला, मला वाटलं काम फत्ते. लगेच बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीत चहात घालतो तशी सढळ हातानं साखर घालून गॅरेजमध्ये मांडून ठेवल्या. पुढच्या रविवारी घरी मंडळी बुद्धवंदनेला बसलेली, डोळे मिटलेले, आणि गॅरेजमधून धडाम! मग आणखी एक. मग रांगच लागली.

"शील फुटलं की बाटली?" बायकोनं कानाशी विचारलं.

"व्याह्यांना फोन करून विचारा की," असंही ती म्हणाली. मेलो तरी नाही! लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि एकट्यानं शिकलो. ते तुम्हालाही सांगतो, फुकट. यीस्ट घालताना पाणी कोमट नको, खोलीइतकंच थंड हवं, अठरा ते वीस अंश. बादली जिन्याखाली ठेवा, एअरिंग कपबोर्डचं नाव काढू नका. फेस बसला म्हणजे आंबणं संपलं असं नाही. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी मिळते, ती बिअरमध्ये तरंगते आणि साखर किती उरली ते दाखवते. लागोपाठ दोन दिवस तिचा आकडा हलला नाही, तरच बाटल्या भरायच्या, आणि तळाचा गाळ न हलवता नळीनं वरचीच बिअर ओढायची. पाइंटच्या बाटलीत अर्धा चमचा साखर, कणभर जास्त नाही. ती साखर यीस्ट बंद बाटलीत खातं आणि त्यातूनच बुडबुडे येतात. आठवडाभर घरात ठेवायची, मग गारव्याला, आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला सर्वांत जड गेलं.

चव बघायची सोय नव्हती. उजेडात धरायचो आणि वास घ्यायचो, बस्स. एका रविवारी जेवणाआधी मुलापुढे ग्लास ठेवला. त्यानं एक घोट घेतला, मग दुसरा.

"बाबा, हा बिअर तुम्ही केला? सीरियसली? डॅडच्या बिअरपेक्षा क्लिअर आहे!"

मला आभाळ ठेंगणं झालं. जाताना तो चार बाटल्या घेऊन गेला, आणि पुढच्या शनिवारी खरंच माझ्या गॅरेजमध्ये आला. पण एकटा नाही, व्याह्यांना घेऊन! त्यांना म्हणे माझी पद्धत बघायची होती. बघा म्हटलं, काय करणार. तेव्हापासून शनिवार आमच्याकडे ठरला. मी नळी धरायची आणि त्या दोघांनी माझ्या डोक्यावरून फुटबॉलच्या गप्पा मारायच्या. माझंच गॅरेज, माझीच बादली, माझाच मुलगा, आणि परका मीच. चहा द्यायच्या निमित्तानं मी मुद्दाम मध्ये जाऊन उभा राहायचो.

मग मुलाला दूर दक्षिणेत, ब्रॅकनेलला कॉम्प्युटरची नोकरी लागली. सून आणि तो तिकडे गेले. सुरुवातीला महिन्यातून एकदा यायचे, मग सणावारी, मग तेही 'बघतो, बाबा' वर आलं. व्याही मात्र शनिवारी येतच राहिले. बोलायला विषय फारसा नव्हता. ते बाटल्या धुवायचे, मी साखर मोजायचो. दोघंही त्याच्यासाठी म्हणून वेगवेगळ्या बाटल्या बाजूला ठेवायचो आणि एकमेकांना सांगायचो नाही.

एका शनिवारी सिंकशी पाठमोरे उभे असताना त्यांनी विचारलं, "या आठवड्यात त्याचा फोन आला का तुला?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही."

खोटं कशाला बोलू, त्यांना आला नाही हे ऐकून आधी मला बरं वाटलं. मलाही आला नव्हता, हे मागाहून लक्षात आलं.