टाकीतलं प्रात्यक्षिक

अमरावतीच्या आमच्या उद्योगशाळेत तेलाचा वर्ग सुरू झाला, त्या दिवशीच्या सभेत सुतारकाम आणि लोहारकाम शिकवणारे दोन्ही मास्तर मागच्या बाकावर तोंडाला उपरणं लावून बसले होते. ते हसत होते, हे मला पुढे कळलं. मी पहिल्या रांगेत होतो आणि जोरजोरात टाळ्या वाजवत होतो.

मंचावर आमचे प्रिन्सिपॉल होते. त्यांच्या शेजारी रॉकेल आणि पेट्रोल विकणाऱ्या एका विलायती कंपनीचे अकोल्याचे एजंट साहेब, आणि दोघांच्या मधोमध झेंडूच्या माळा घातलेलं एक तेलाचं इंजिन. ते कंपनीने शाळेला भेट दिलं होतं. प्रिन्सिपॉल पुण्याकडचे, बोलणं गुळगुळीत. ते म्हणाले, "आज विद्या आणि उद्योग यांचा विवाह होत आहे." माझ्या मागे बसलेल्या एका कापूस-दलालाने शेजाऱ्याला विचारलं, "नवरी कोन्ती हाये यातली?" शेजारी म्हणाला, "जे रडन ते."

आमचं घर अंजनगाव सुर्जीचं. वांगी, मिरची, कोथिंबीर पिकवायची आणि बाजारात नेऊन विकायची, हा आमचा धंदा. त्या काळात वऱ्हाडातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये तेलाची इंजिनं यायला लागली होती आणि एखाद्या सधन बागाईतदाराच्या विहिरीवरही ती धडधडताना दिसायची. बाबांचा सगळा जन्म मोटेमागे गेलेला. ते मला म्हणाले, "इंजिन शिकून घे. मंग आपले बैल बी बसून खातीन अन् मी बी." एवढ्या आशेवर मी त्या वर्गात नाव घातलं.

माळा सुकल्यावर इंजिनची खरी कळा दिसली. वरून ताजा हिरवा रंग आणि आत सिलिंडरला तडा. कंपनीने भंगारात घालायच्या ऐवजी ते दानात घातलं होतं. वर्षभरात ते एकदाही सुरू झालं नाही. ते सुरू होत नाही असं मात्र कोणी म्हणायचं नाही. तेलाच्या वर्गाचे आमचे मास्तर म्हणायचे, "हे अभ्यासासाठी आहे, चालवण्यासाठी नव्हे."

हे मास्तर पदवीवाले होते. खडूने फळ्यावर आकृती अशा काढायचे की रांगोळीवाल्या बाईने हात जोडावेत. ब्रह्मदेशात आणि आसामात जमिनीला भोक पाडून तेल कसं काढतात, ते तापवून त्याचं रॉकेल, पेट्रोल, वंगण वेगवेगळं कसं करतात, हे सगळं ते रंगीत खडूंनी शिकवायचे. त्यांनी स्वतः तेलाची विहीर पाहिली होती का, असं एकाने विचारलं तेव्हा त्याला बाकावर उभं केलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचून राहते, हेही त्यांनी शिकवलं होतं. मी ते पाठ केलं होतं.

वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिकासाठी आम्हाला अकोल्याला कंपनीच्या डेपोत नेण्यात आलं. शाळेने आणि कंपनीने त्याचा मोठा गाजावाजा केला. बडनेऱ्याला गाडी बदलताना आम्ही पोरं एकमेकांना सांगत होतो की आता यंत्रांना हात लावायला मिळणार. माझा दोस्त तर गाडीतच बाह्या सावरून बसला होता. तो शेंदूरजनाघाटचा, संत्र्याच्या बागेवाल्यांचा पोरगा. उंच, रुंद, आणि हसला की सगळा डबा वळून पाहायचा. त्याच्या बागेत पाण्याचे हाल होते आणि त्यालाही विहिरीवर इंजिन बसवायचं होतं.

डेपो स्टेशनला लागूनच होता. रेल्वेच्या वाघिणींतून तेल यायचं, टाक्यांत जायचं आणि पत्र्याच्या डब्यांत भरून गावोगावी निघायचं. पहिल्या दिवशी आम्ही डबे पुसले. दुसऱ्या दिवशी डबे पुसले. मग गळक्या डब्यांना कथलाचा डाग देणाऱ्या माणसाची शेगडी फुंकली. मग एजंट साहेबांच्या बंगल्याच्या आणि डेपोच्या कुंपणाला रंग दिला. मास्तर कचेरीच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे. मी जाऊन विचारलं, "सर, कुंपणाचा आणि तेलाचा काय संबंध?" ते म्हणाले, "रंगात तेल असतं."

डेपोवर एक बडेबाबू होते. एजंट साहेबांच्या हाताखाली सगळा कारभार तेच पाहायचे. एका दुपारी त्यांनी आम्हाला अंगणाच्या टोकाला नेलं. तिथे पेट्रोलची एक टाकी आदल्या दिवशी रिकामी केलेली होती. माणसाच्या दीडपट उंच, वर एकच गोल तोंड, बाजूला लोखंडी शिडी. तळाशी गंजाचा गाळ बसला होता आणि नवी वाघीण वाटेवर होती.

"आज असली काम," बडेबाबू म्हणाले. "एकाने आत उतरायचं, गाळ बादलीत भरायचा. बाकीच्यांनी वर ओढायचं."

टाकीजवळच्या खांबावर इंग्रजीत एक पाटी होती. टाकी पाण्याने भरून उपसावी, मग काही दिवस उघडी ठेवावी, त्यानंतरच माणूस आत उतरवावा, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. मी ती वाचली आणि बडेबाबूंना दाखवली. त्यांनी पाटीकडे पाहिलंही नाही.

"वो मजदूरों के लिये है," ते म्हणाले. "तुमी तर विद्यार्थी आहात."

ह्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा पूर्ण कळला नाही. मजुराला काही झालं तर कंपनीला जाब द्यावा लागतो. विद्यार्थी कंपनीच्या कोणत्याच हिशेबात नसतो. तो शिकायला आलेला असतो, आणि शिकताना माणसाचं काहीही होऊ शकतं.

कोणी पुढे होईना. बडेबाबू हसले. "घाबरले का? वऱ्हाडी जवान म्हणवता!"

तेवढं माझ्या दोस्ताला पुरलं. तो म्हणाला, "उतरतो ना. पन आमच्या इकडं जुन्या विहिरीत मानूस सोडाच्या पहिले कंदील सोडतेत. कंदील इझला त कोनी उतरत नाई."

"इथे कंदील सोड," बडेबाबू म्हणाले, "म्हणजे सगळ्या अकोल्यात उजेड पडेल."

सगळे हसले. मीही हसलो असेन. पण दोस्ताने कमरेला आणि काखेखालून दोर बांधून घेतला आणि त्याचं टोक माझ्या हातात दिलं. "विहीर काय अन् टाकी काय," तो म्हणाला, "दोर पाह्यजे." आणि तो टाकीच्या तोंडातून आत घसरला.

सुरुवातीला त्याचा आवाज घागरीतून यावा तसा येत होता. "डोये चुरचुरून राह्यले बे!" एक बादली वर आली. दुसरी आली. मग तो आतून हसायला लागला. कशाला हसतोस म्हणून मी विचारलं, तर त्याने त्याच्या माळ्याच्या कुत्र्याबद्दल काहीतरी सांगितलं. त्याला काही अर्थ नव्हता. मग बादली खणकन पडली आणि आवाज बंद झाला.

मी दोर ओढला. दोर ताणला गेला, पण आतून काही हालचाल नाही. मी ओरडलो. आम्ही चार-पाच जण शिडीवर आणि टाकीवर कसेबसे उभे राहून ओढायला लागलो. हात सोलून निघाले. त्याचे खांदे तोंडात अडकले तेव्हा मला वाटलं, आता हा इथेच जातो. एकाने वाकून त्याचा एक हात आधी वर खेचला, खांदा तिरपा झाला, आणि तो बाहेर आला. ओठ निळे पडले होते. त्याला जमिनीवर पालथा घातला, पाठीवर चोळलं. बऱ्याच वेळाने तो ओकला. त्या ओकारीच्या आवाजाने मला जो आनंद झाला, तसा पुढे कशानेच झाला नाही.

एजंट साहेबांची मोटार फाटकात उभी होती. मी धावत जाऊन ती मागितली. बडेबाबू म्हणाले, "गादी खराब होईल." शेवटी डब्यांच्या बैलगाडीतून आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. गाडीत रिकामे डबे खडखडत होते आणि ते खाली टाकायचंही कोणाला सुचलं नाही. डॉक्टर म्हणाले, दोर नसता तर दोन माणसं गेली असती, हा आणि याला काढायला उतरणारा.

मास्तर संध्याकाळी आले. खाटेजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "पेट्रोलची वाफ जड असते, हे मी वर्गात सांगितलं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉल अमरावतीहून आले. येताना त्यांनी संत्री आणली होती. शेंदूरजन्याच्या पोराला संत्री! दोस्ताने एक हातात घेतलं, दाबून पाहिलं आणि ठेवून दिलं. प्रिन्सिपॉलनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "बाळ, झालं ते झालं. कंपनीने पुढल्या वर्षी आपल्याला प्रयोगशाळा बांधून देण्याचं कबूल केलं आहे. तेव्हा कोणी विचारलं तर सांग, मी जिज्ञासेने स्वतःच उतरलो. जिज्ञासा हे विद्यार्थ्याचं भूषण आहे."

"सांगीन सर," दोस्त म्हणाला. त्याचा आवाज तेव्हा घोगरा होता.

ते गेल्यावर मी त्याच्यावर चिडलो. "काहून हो म्हनलं तू?"

"सांगीन म्हनलं. काय सांगीन ते कुठं म्हनलं?"

वर्गाच्या समारोपाची सभा अमरावतीला भरली. नागपूरहून शिक्षणखात्याचे एक गोरे साहेब आले होते. एजंट साहेब होते, हार होते, इंजिनला पुन्हा झेंडूच्या माळा होत्या. प्रिन्सिपॉलनी प्रात्यक्षिकाचे फायदे सांगण्यासाठी मुद्दाम माझ्या दोस्तालाच उभं केलं. टाकीत पडलेला पोरगाच कंपनीचं भलं बोलला म्हणजे प्रश्नच मिटला, असा त्यांचा हिशेब.

दोस्त उठला. अंगाने उतरला होता, पण उंची तेवढीच.

"मले सांगतलं का, तू मनानं उतरला असं म्हन," तो म्हणाला. "त मी म्हनतो. मी मनानं उतरलो. काहून का मास्तर सावलीत होते, अन् बडेबाबूले टाकी साफ पाह्यजे होती. मजुराले जे काम सांगता येत नाई, ते विद्यार्थ्याले सांगता येते. हे मी कंपनीत शिकलो. दुसरं काई कोनी शिकवलं नाई. इंजिन आमी अजून चालतं पाह्यलं नाई. तुमी पाह्यलं असन त सांगा."

मागच्या बाकांवरून हशा उसळला. गोऱ्या साहेबांना एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी वाकून प्रिन्सिपॉलना विचारलं, मुलगा काय म्हणतो? प्रिन्सिपॉल क्षणभरही अडखळले नाहीत. इंग्रजीत म्हणाले, तो कंपनीचे आभार मानतो आहे, ग्रामीण बोलीत. साहेबांनी मान डोलावली आणि टाळ्या वाजवल्या.

मी पुढच्याच रांगेत होतो. ते इंग्रजी मला स्वच्छ ऐकू आलं. मी उभा राहिलो आणि माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणालो, "नाही साहेब, तो आभार मानत नाही. याला पेट्रोलच्या टाकीत उतरवलं होतं. पाटीवर मनाई होती. हा मरत होता."

साहेबांच्या टाळ्या थांबल्या. त्यांनी एजंटकडे पाहिलं, एजंटने प्रिन्सिपॉलकडे पाहिलं आणि प्रिन्सिपॉल इंजिनकडे पाहत राहिले. कोणीतरी घाईघाईने आभारप्रदर्शन सुरू केलं.

आम्हा दोघांची नावं शाळेतून कमी झाली. कारण दिलं बेशिस्तीचं. साहेब नागपूरला जाऊन काय बोलले, मला माहीत नाही, पण पुढच्या वर्षीच्या पोरांना टाकीत उतरवलं नाही. त्यांना फक्त डेपोच्या कुंपणाबाहेरून टाक्या दाखवल्या. ते कुंपण आम्हीच रंगवलेलं होतं, निदान ते तरी नीट दिसलं असेल. कंपनीची प्रयोगशाळा काही बांधली गेली नाही. तेलाचा वर्ग आणखी थोडी वर्षं चालला आणि बंद पडला. त्याच्यावाचून कोणाचं काही अडलं नाही.

मी अकोल्याला एका जिनिंगमध्ये इंजिनवर लागलो. तिथे पहिल्याच हंगामात हात भाजला, शिव्या खाल्ल्या आणि इंजिन शिकलो. दोस्त शेंदूरजन्याला परतला. त्याच्या विहिरीवर इंजिन बसवायला मीच गेलो. तेव्हा बाग फुलली होती, सगळं शिवार बहाराच्या वासाने भरून गेलं होतं. मी तसं म्हणालो, तर तो म्हणाला, "असन. मले तवापासून वास येत नाई." तो इंजिनचा पट्टा चढवत होता. "संत्र डोयानं बी समजते," म्हणाला.

बऱ्याच वर्षांनी मी त्या जिनिंगच्या यंत्रांचा मुख्य झालो, तेव्हा दुसऱ्या एका शाळेचे प्रिन्सिपॉल माझ्याकडे आले. विद्या आणि उद्योग यांचं सहकार्य असावं, आपल्या कारखान्याचं नाव शाळेच्या फलकावर यावं, मुलं प्रात्यक्षिकाला पाठवू, असं सगळं त्यांनी मांडलं. मी म्हणालो, मुलं जरूर पाठवा, पण आधी त्यांच्या मास्तरांना पाठवा. एक हंगाम त्यांनी इथे माझ्याबरोबर इंजिनवर उभं राहावं.

ते म्हणाले, "मास्तर पदवीधर आहेत."

मी म्हणालो, "चालेल. आम्ही सांभाळून घेऊ."

त्यांनी चहा संपवला, विचार करून कळवतो म्हणाले आणि इंजिनखोलीत न डोकावता निघून गेले.