टेलरबाईंचा फिल्टर
सात वर्षांच्या लेकीला नको ते दिसू नये, म्हणून टेलरबाईंनी घरातल्या एकुलत्या टॅबवर फिल्टर बसवला आणि दुसऱ्याच दिवशी तो त्यांच्याच मुळावर आला. गळ्याचे नमुने शोधायला ‘ब्लाउज’ लिहिलं, की पडदा बंद! आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं.

“काढून टाक ते खूळ,” नवरा म्हणाला. “पोरीकडे मी बघतो की.”

“तुम्ही? मॅच लागली की घर पेटलं तरी तुम्हाला पत्ता नसतो!”

फिल्टर तसाच राहिला. तेवढ्यावरही न विसंबता बाईंनी लेकीला टॅबसकट आपल्या डोळ्यांसमोर बसवलं. मग खडू घेऊन कागदावर झरझर चार गळे काढले. गिऱ्हाइकाला त्यातले दोन आवडले.