बाथरूमपुढची रांग

पहिली बाई दिसली ती भर दुपारी. बेडरूममधून बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात, भिंतीकडे तोंड, हातात पाण्याचा डबा. मी म्हटलं, "सरका जरा." ती सरकली. मी बाहेर आले तेव्हा ती नव्हती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि आज त्यानेच अंगावर काटा येतो.

लघवीची गोळी, ऑक्सिब्युटिनिन, सुरू होऊन दोनेक महिने झाले होते. त्याआधी अकरा वर्षं मी कुठे बाथरूम आहे ते बघून इंदूरभर फिरत होते. सराफ्यात खायला जायचं तर दुपारपासून पाणी बंद. कुणी पाणी पुढे केलं की सांगायचं, उपास आहे, आणि हातात कचोरी. गोळीने धावपळ थांबली. तोंड मात्र इतकं कोरडं पडे की पोळीचा घास फिरतच राही, आणि पोट साफ होईना. पण हे डॉक्टरला कोण सांगणार? लघवीचं सांगण्यातच सगळी लाज खर्च झाली होती.

पुढच्या आठवड्यात बायका तीन झाल्या, मग सात. पायांचा आवाज नाही, बोलणं नाही. शेवटची मी ओळखली. बावीस वर्षांची मीच. लग्न होऊन मिलच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा आठ घरांत एक संडास. नव्या सुनेने सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं असतं, असं त्या बावळट पोरीला वाटे. गुडघे आवळून, हसत उभी. बायका म्हणत, किती शालीन. शालीन कसली, गाढव.

मी कुणाला बोलले नाही, कारण मुलगा पुण्याला असतो. मागे एकदा गॅस चालू ठेवून मी भाजीला गेले, तेव्हाच त्याने ठरवून टाकलं: पुन्हा असं काही झालं तर फ्लॅटला कुलूप आणि आई पुण्याला.

मुलगी इथेच, भंवरकुआंला राहते. एका रविवारी ती माझ्या मागेच होती.

"आई, सरका कुणाला म्हणालीस?"

"कुणाला नाही."

"बोळात कुणीच नाहीये."

"आत्ता नाहीये," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

तिने फोन हातात घेतला. "दादाला सांगावं लागेल."

"सांग. पण आधी मी डॉक्टरला सांगते. माझ्या तोंडाने."

डॉक्टरबाई आपल्यातलीच, मराठी, पण निम्मं हिंदीत बोलते. "कितने दिखते हैं, आंटीजी?"

"सात. सभ्य आहेत. वाट देतात."

ती हसली नाही. म्हणाली, घरातल्या सगळ्या गोळ्या दाखवा. मी पर्स उलटी केली. त्यात सर्दीची गोळीही निघाली. झोप छान लागते म्हणून ती मी रोज रात्री घेत होते, स्वतःच्या अकलेने. तिने दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली. "ये दोनों एकाच जातीच्या आहेत. लघवीची थैली शांत होते, पण या वयात डोकंही धुरकट होऊ शकतं. असं दिसूही शकतं." दोन्ही बंद. त्याऐवजी मिराबेग्रॉन: तोंड फारसं कोरडं पडत नाही, पण बीपी बघत राहायचं. नाजूक जागी लावायला एक क्रीम. आणि घड्याळ लावून लघवी थोडी थोडी धरायला शिकायचं.

"आईला दादाकडे पाठवू का?" मुलीने विचारलं.

"तीन हफ्ते रुको. गोळीचं आहे की मेंदूचं, ते तेव्हा कळेल."

ते तीन हफ्ते मी रोज दुपारी बोळ मोजत होते. पाच. मग तीन. मग फक्त ती, बावीस वर्षांची. ती गेली नाही तर घर गेलं, एवढाच हिशेब. चार दिवस ती जागची हलली नाही. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "अगं जा ना आत, कुणासाठी थांबलीस?" तिने पहिल्यांदा मान वर केली आणि मला नीट निरखलं, ही म्हातारी कोण, अशा नजरेने. माझेच डोळे. मी मान वळवून दाराची कडी धरली. पुन्हा पाहिलं तेव्हा बोळात फक्त उन्हाचा पट्टा होता.

डॉक्टरबाईने तारीख विचारली, वजाबाक्या करायला लावल्या, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. "अब कितने?"

"एकही नाही. दहा दिवस झाले."

"मग घरी राहा. मला भेटत राहा."

संध्याकाळी मुलाचा फोन. "ठीक आहे आई, राहा तिथेच. पण यापुढे कुठलीही गोळी मला विचारल्याशिवाय नाही."

"लघवीचीसुद्धा?"

पलीकडे त्याने दार लावून घेतल्याचं ऐकू आलं.

"तीसुद्धा," म्हणाला.