बोटभर राहिलेलं कुंकू

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकताना मी शेवटी मुद्दाम एक ओळ जोडली होती: ‘सर्व बायकांनी यावे. सौभाग्यवती असण्याची अट नाही.’ बऱ्याच जणींनी अंगठे पाठवले, दोघींनी टाळ्या. कामाच्या मध्ये मध्ये मी ते अंगठे उघडून बघत होते. खोटं कशाला सांगू, मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

त्याला कारणही होतं. बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर आई शेजारच्या हळदीकुंकवाला यायची ती फक्त मला सोडायला. दारापर्यंत यायची आणि ‘तू हो पुढे’ म्हणून जिन्यावरूनच परत फिरायची. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण कुणी ‘या’सुद्धा म्हणत नव्हतं. माझ्या घरात असलं काही चालणार नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ठरवायला काय लागतं?

आमचा फ्लॅट वारज्यात, सातव्या मजल्यावर. त्या वर्षी माझी लेक सहा वर्षांची होती आणि कुंकू लावायचं काम तिनं हट्टानं मागून घेतलं होतं. परकर-पोलकं घालून, हातात माझ्या आईची चांदीची कोयरी धरून ती चार वाजल्यापासून दारातच उभी होती. मी तिला तीन गोष्टी बजावल्या होत्या. आधी हळद, मग कुंकू. बोट अंगठीचं. आणि उंबऱ्यातून द्यायचं-घ्यायचं नाही. एक तर समोरच्याला आत घ्यायचं, नाहीतर आपण बाहेर जायचं. नियम पाळण्यात ती माझ्या वरताण आहे.

चौथ्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. लेकीनं त्यांना हळदीकुंकू लावलं, काकूंनी पदर डोळ्यांना लावला, आणि मी बाकीच्या बायका बघतायत ना, ते हळूच बघून घेतलं. आता सांगायचंच आहे तर हेही सांगायला हवं.

साडेपाचच्या सुमाराला मसाला दूध कमी पडणार असं दिसायला लागलं. मोबाईलवरून चार पिशव्या मागवल्या. पंधरा मिनिटांत बेल वाजली. दारात एक बाई होती. पंजाबी ड्रेसवर डिलिव्हरीचं जाकीट, डोक्याला हेल्मेट, पायात जाड पुरुषी बूट. चाळिशीची असेल. पिशव्या माझ्या हातात देऊन ती वळणार, तेवढ्यात लेक म्हणाली, “थांबा, तुमचं राहिलं.”

“काय राहिलं, माय?” बोली विदर्भाकडची होती.

“कुंकू. आत या ना.”

“पायात बूट आहेत माह्या. अन् अजून दोन ऑर्डरी आहेत.”

लेकीनं जरा विचार केला. मग नियमाप्रमाणे ती स्वतःच उंबरा ओलांडून बाहेर पॅसेजमध्ये गेली आणि म्हणाली, “हेल्मेट काढा.”

बाई हसली. तिनं हेल्मेट काढून काखेत धरलं. कपाळावर त्याचा लाल वळ उठला होता, केस घामानं चिकटले होते. ती गुडघ्यांवर हात ठेवून लेकीसमोर वाकली आणि तिनं डोळे मिटले. लेकीनं हळदीचं बोट टेकवलं. मग कुंकवात बोट बुडवून, जीभ दातांत धरून, ती नेम धरायला लागली.

तेवढ्यात माझी नजर त्या बाईच्या गळ्याकडे गेली. गळा मोकळा. काळा मणी नाही, हातात बांगडी नाही, कपाळावर टिकलीची खूणही नाही.

“अगं, थांब,” मी म्हणाले. “त्यांना नको लावूस.”

मी ओरडले नाही. उलट अगदी हळू, समजूतदार आवाजात म्हणाले. मला वाटलं, लहान मुलीला नाही म्हणता येईना म्हणून बिचारी वाकली असेल, नंतर तिला अवघडल्यासारखं होईल. म्हणजे मी तिला सांभाळून घेत होते! तासाभरापूर्वी ह्याच दारात काकूंना कुंकू लावलं गेलं, तेव्हा मला असं काही वाटलं नव्हतं. काकूंना मी बोलावलं होतं, हिला बोलावलं नव्हतं. माझी सगळी सुधारणा आमंत्रितांपुरती होती.

लेकीचं बोट तिच्या कपाळापासून बोटभर अंतरावर थांबलं.

बाईनं डोळे उघडले. आधी त्या लाल बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कुठे बघत होते ते तिला दिसलं. तिचा हात आपोआप गळ्याशी गेला.

“माहे मालक आहेत, ताई,” ती म्हणाली. “दवाखान्यात आहेत, आयसीयूत. गळ्यातलं मी घरी ठेवून निघते. गाडीवरून ओढून नेतात लोक.”

यानंतर मी जे केलं त्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. माझा जीव भांड्यात पडला. “अय्या, हो का? मग लाव ना गं, लाव लवकर!” मी लेकीला म्हणाले, अगदी आनंदानं. जणू बाईनं गेटवर पास दाखवला होता.

“राहू द्या आता,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. जिचा नवरा आयसीयूत आहे, तिला मी तो गेलेलाच आहे असं समजून थांबवलं होतं, तेही कुंकू कपाळाला लागता लागता. असल्या दिवसांत माणूस पाल चुकचुकली तरी दचकतं. आणि ती संकोचानं वाकलीच नव्हती. तिला ते कुंकू हवं होतं. हे मला तिनं डोळे मिटले तेव्हाच कळायला हवं होतं.

तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला, कपाळावर नुसती हळद घेऊन हेल्मेट चढवलं आणि लिफ्टमध्ये शिरली. लेक वाणाची चहाची गाळणी आणि तिळाचा लाडू घेऊन धावली, पण लिफ्ट निघाली होती. ती जिन्यानं दोन मजले उतरून गेली आणि दोन्ही वस्तू तशाच हातात घेऊन परत आली.

मी मागे जायला हवं होतं. लिफ्ट मिनिटभरात वर आली असती. पण घरात बायका होत्या, गॅसवर दूध होतं, आणि खरं म्हणजे खाली जाऊन काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं.

“आई, का नको होतं?” लेकीनं सगळ्यांसमोर विचारलं.

मी पातेल्याकडे बघत घाईघाईनं म्हणाले, “गळ्यात मंगळसूत्र नसेल तर लावायचं नाही. काही जणींना चालत नाही.” इतकंच. दूध उतू जायला आलं होतं.

नंतर मी मोबाईलवर तिचा नंबर शोधला. ऑर्डर पूर्ण झाल्यावर फोन लागत नाही म्हणे. ‘डिलिव्हरी कशी वाटली?’ असं मात्र ॲपनं विचारलं. मी पाच तारे दिले. पुढे कितीतरी दिवस गरज नसताना दूध मागवत राहिले; फ्रिजमध्ये पिशव्या साठल्या, दारात दर वेळी कुणी दुसरंच. तिच्या नवऱ्याचं काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. तो बरा झाला असेल, असं मी रोज स्वतःला सांगते, त्याच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त.

पुढच्या संक्रांतीला मी पुन्हा मेसेज टाकला, शेवटच्या ओळीसकट. लेक सात वर्षांची झाली होती. तिला आता काही शिकवायला लागत नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या काकू आल्या, नेहमीच्या कोपऱ्यात बसल्या. लेक कोयरी घेऊन त्यांच्यासमोर गेली. काकूंनी मान जराशी पुढे केली.

लेक थांबली. तिनं त्यांच्या गळ्याकडे बघितलं. मग कोयरीचं झाकण लावलं, त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, “गोड बोला” म्हणाली आणि शेजारच्या बाईंकडे वळली.

काकूंनी मान मागे घेतली, पदर सारखा केला. मी धावतच गेले. “काकू, चुकून राहिलं हो,” म्हणत कोयरी उघडली आणि कुंकवात बोट बुडवलं. काकूंनी माझा हात मध्येच धरला.

“असू दे गं,” त्या म्हणाल्या. “मुलीला वळण चांगलं लावलंयस.”

लेकीनं ते ऐकलं. तिला ते कौतुकच वाटलं. खोलीच्या त्या टोकाकडून माझ्याकडे बघून ती हसली. मी सांगितलेलं तिनं वर्षभर नीट लक्षात ठेवलं होतं.