पाकिटावरचे वजन

आमच्या दुकानात जनावरांची औषधे मिळतात. मागच्या गोदामात मालाच्या याद्या मी सांभाळतो. पुढच्या काउंटरवर एकतीस वर्षे एकच माणूस उभा आहे. गाय असो, शेळी असो की मांजर, कोणी जंताचे औषध मागितले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "वजन?" म्हणून सगळे त्यांना वजनकाका म्हणतात.

"लहानच आहे हो काका, द्या अंदाजाने," गिऱ्हाईक म्हणते.

"अंदाजाने सोयरीक जमते, डोस जमत नाही. मोजून या."

गिऱ्हाईक कुरकुरत जाते आणि मोजून येते. मग वजनकाका खाकी पाकिटात गोळ्या भरतात, वर ठळक गोल अक्षरात जनावर, वजन आणि गोळ्यांचे प्रमाण लिहितात आणि वजनाखाली दोन रेघा ओढतात. तरुणपणी ते जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होते. तिथे अंदाजपंचे दिलेल्या औषधाने एक वासरू त्यांच्या हातात गेले. तेव्हापासून ते म्हणत, "माझ्याकडे दोनच गोष्टी आहेत, औषध आणि भीती. औषध संपलं तर मागवता येतं."

मागच्या वर्षी त्या भीतीला खरेच कारण मिळाले. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या छातीत गाठ निघाली. तपासणीत ती कॅन्सरची ठरली. बहीण विधवा, एकटी राहणारी, घरी शिवणकाम करणारी. ते तिला लहानपणापासून चिमणी म्हणतात. डॉक्टरांनी आधी केमोच्या सहा फेऱ्या आणि मग शस्त्रक्रिया असे सांगितले होते. पहिल्या फेरीला वजनकाका सोबत गेले. तिथल्या खुर्च्या, नळ्या आणि ओकाऱ्या पाहून ते इतके पांढरे पडले, की नर्सने पाण्याचा पेला बहिणीऐवजी त्यांच्याच हातात दिला.

"दादा, तू येऊ नकोस," बहीण म्हणाली. "तुला सांभाळू की मला? खालच्या मजल्यावर नवीन बाई राहायला आल्यात, त्या येतील."

ते गेले नाहीत. यात त्यांना जी सुटका वाटली, तिची लाज त्यांनी पुढे माझ्यापाशी अनेकदा बोलून दाखवली.

दोन महिन्यांनी एक किडकिडीत बाई दुकानात आली. कुत्र्यासाठी जंताच्या गोळ्या हव्या होत्या.

"वजन?"

"अठ्ठेचाळीस किलो."

"बाप रे! कुत्रा आहे की घोडा? मोजलं कसं?"

"तुम्ही सांगता तसंच. त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं."

वजनकाकांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुम्ही उचललंत?"

बाई गडबडली. "मी नाही, आमच्या मिस्टरांनी."

मी आतून हसलो. काकाही हसले. जंत चिवट आहेत, डॉक्टरांनी रोज थोडे द्यायला सांगितले आहे, असे बाई म्हणाली. असा कोर्स काही वेळा असतो हे आम्हाला ठाऊक होते. चिठ्ठी आणायची विसरले, म्हणाली. काकांनी हिशेब केला, पाकीट भरले, लिहिले: कुत्रा, ४८ किलो. दोन रेघा.

आठ दिवसांनी ती परत आली. वजन शेहेचाळीस. नंतर पंचेचाळीस. काका अस्वस्थ झाले.

"जंत जात असतील तर वजन वाढायला हवं हो. खातो का?"

"कमी खातो. पण केस यायला लागलेत पुन्हा." हे सांगताना बाईचा चेहरा उजळला.

"केस गेले होते? हे मला आधी का नाही सांगितलंत? पुढच्या वेळी कुत्र्याला घेऊनच या."

ती बरे म्हणून गेली. त्या संध्याकाळी याद्या लावताना मी काकांना म्हटले, "या गोळ्या एका कुत्र्यासाठी जरा जास्तच जातायत." ते म्हणाले, "मी वजन विचारतो ना." माझे समाधान झाले. ते व्हायला नको होते, हे आज लिहिताना कळते.

पुढच्या रविवारी बहिणीकडे फळे पोचवायची होती. काकांचा गुडघा दुखत होता, म्हणून माझ्या स्कूटरवरून आम्ही गेलो. दोन खोल्यांचे घर, खिडकीशी शिलाई मशीन, मशीनवर अर्धवट शिवलेला फ्रॉक. बहीण दारातच म्हणाली, "बघ दादा," आणि डोक्यावरचा रुमाल काढला. नखभर केस उगवले होते.

वजनकाकांनी केसांकडे पाहिलेच नाही. ते तिच्या डोळ्यांकडे पाहत होते. दोन पावले पुढे होऊन त्यांनी अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली, जनावराची ओढतात तशी. आतला भाग हळदीसारखा पिवळा होता.

"अरे, मी काय म्हैस आहे?" ती हसून मागे सरली.

"चिमणे, काय घेतेस तू?"

"हॉस्पिटलचंच."

"मग केस कसे आले? फेऱ्या चालू असताना केस येत नाहीत."

 तिची नजर मशीनच्या खणाकडे गेली आणि पटकन परत फिरली. काकांनी खण उघडला. रिळांमध्ये तीन खाकी पाकिटे होती. प्रत्येकावर त्यांचेच गोल अक्षर. कुत्रा, ४८ किलो. कुत्रा, ४६ किलो. प्रत्येक आकड्याखाली दोन रेघा.

ते खाली बसले. खुर्ची नव्हती, तरी बसले. 

बहीण आता भराभरा बोलू लागली. दुसऱ्या फेरीनंतर बोटे बधिर झाली, सुईत दोरा ओवता येईना. तेव्हा खालच्या बाईंनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा देशातला एक माणूस, डॉक्टरांनी हात टेकलेला, कुत्र्याचे जंताचे औषध खाऊन बरा झाला म्हणे. खाली हजार लोकांनी आशीर्वाद लिहिले होते. तिने हॉस्पिटल बंद केले, बाई आमच्या दुकानातून गोळ्या आणू लागल्या. बोटे सुधारली, केस आले. तिला वाटले, गुण येतोय.

"मला विचारायचं तरी!" काका ओरडले. मी त्यांना ओरडताना प्रथमच ऐकले.

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"मुळीच नाही!"

"म्हणूनच. आणि दुसरीकडून आणायची भीती वाटली रे. तू वजन विचारल्याशिवाय देत नाहीस. म्हटलं, दादाच्या हातचं आहे, चुकणार नाही."

 त्या खोलीत मला जी भीती वाटली ती मी पूर्वी कधी अनुभवली नव्हती. ज्या नेमावर आम्ही दोघे इतकी वर्षे निर्धास्त होतो, तोच नेम पाकिटातून तिच्या घरी पोचला होता.

अर्ध्या तासात आम्ही हॉस्पिटलात होतो. नर्सने फॉर्म पुढे ओढला. "पेशंटचं वजन?"

बहीण काही बोलायच्या आत वजनकाका म्हणाले, "गेल्या मंगळवारी पंचेचाळीस. त्याआधी शेहेचाळीस. त्याआधी अठ्ठेचाळीस." मग त्यांनी तिन्ही पाकिटे टेबलावर ओळीने मांडली. "हे मी दिलंय."

डॉक्टरांनी पाकिटे वाचली. त्यांना राग आला असावा, पण आवाज चढवला नाही. "प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर अशी औषधं काही परिणाम दाखवतात. माणसात उपयोग होतो, हे सिद्ध झालेलं नाही. व्हिडिओतला माणूस सोबत आणखी काय उपचार घेत होता, ते कोण सांगणार? यांच्या यकृताला सूज आहे, ती बहुधा याचीच. ती उतरेपर्यंत मला केमोही देता येणार नाही."

"आणि तोपर्यंत गाठ?" काकांनी विचारले.

"तेच बघायचंय."

पुढचे पाच आठवडे म्हणजे 'तेच बघायचंय'. काका काउंटरवर उभे राहत, पण फोन वाजला की हातातली बाटली खाली ठेवत आणि मगच फोन उचलत. सोमवारी रक्ताची तपासणी, मंगळवारी यकृताचा आकडा. आकडा पहिल्या आठवड्यात वाढला. त्या दिवशी ते गोदामात येऊन माझ्या खोक्यावर बसले आणि म्हणाले, "वासराच्या वेळी निदान डोस चुकला होता हो. या वेळी डोस बरोबर होता."

खालची बाई एकदा रडत दुकानात आली. काका तिला एक शब्द लावून बोलले नाहीत. "तुम्ही तिच्यासाठी केलंत, मीही तिच्यासाठीच मोजत होतो," एवढेच म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यापासून आकडा उतरू लागला. सहाव्या आठवड्यात तिसरी फेरी सुरू झाली. काका सोबत गेले आणि अखेरपर्यंत बसले. केस पुन्हा गेले. गाठ मधल्या काळात वाढली होती. किती नुकसान झाले ते पुढच्या महिन्यातल्या स्कॅननंतर कळेल. बहीण फोनवर त्यांना चिडवते, "दादा, तुझा कुत्रा आज जेवला." ते हसतात.

परवा दुपारी इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ आला. कुत्र्यासाठी त्याच गोळ्या हव्या होत्या.

"वजन?"

"एकाहत्तर." उत्तर तयारच होते.

पूर्वी काकांनी पाकीट उचलले असते. या वेळी त्यांनी पेन खाली ठेवले.

"नाव काय त्याचं?"

"कोणाचं?"

"कुत्र्याचं."

गृहस्थ कपाटातल्या डब्यांवरची नावे वाचू लागला.  वजनकाकांनी काउंटरची फळी वर केली, आपले स्टूल बाहेर आणले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"बसा," ते म्हणाले. "घरात कोण आजारी आहे?"