बांधापलीकडचा जामीनदार

"माझा सातबारा बँकेत अडकलाय मॅडम," असं म्हणत संगीताच्या चुलत दिराने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. त्याच्याआधी ज्या ज्या भावकीकडे गेलो, त्यांचेही सातबारे नेमके असेच कुठेतरी अडकलेले. चहा मात्र सगळ्यांकडे झाला.

मी संभाजीनगरला कैद्यांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत समाजसेविका होते. संगीता फुलंब्रीजवळच्या खेड्यातली. नवरा रावसाहेब बाजारातल्या हाणामारीच्या केसमध्ये जेलमध्ये. कच्चा कैदी, म्हणजे केसचा निकाल लागायचा बाकी. कोर्टाने बेल दिली होती, तरी तो आतच होता, कारण जामीनदार नव्हता. जामीनदार म्हणजे 'हा माणूस तारखेला हजर राहील, नाही तर मी भरून देईन' असं कोर्टात लिहून देणारा ऐपतदार माणूस.

इकडे सासू अंथरुणाला खिळलेली. संगीता मजुरीला जायची, म्हणून दहावीतली प्रतीक्षा शाळा सोडून आजीपाशी बसायची. बाप आला नाही तर पोरीचं वर्ष जाणार होतं. आणि एकदा घरी बसलेली पोरगी पुन्हा शाळेत जात नाही, तिचं लग्न ठरतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं होतं.

संगीताचं घर शेतातच. आम्ही हात हलवत परतलो, तर बांधापलीकडून भागाजी तात्यांनी हाक मारली. दोन्ही घरांत त्या बांधावरून जुनं भांडण, बोलणं बंद. संगीता माझ्या शेजारीच उभी होती, पण तात्या बोलले माझ्याशी.

"मॅडम, त्यान्ला इचारा, पोरगी शाळंत का जात नाय?"

संगीता मला म्हणाली, "त्यान्ला सांगा, तिचा बाप सुटल्याबिगर जाता यायचं नाय."

"मंग सुटत का नाय?"

"जामीनदार नाय म्हणावं."

दोघांना एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत होतं. मी मधे नुसती उभी. तात्या म्हणाले, "त्यान्ला इचारा, माझा सातबारा चालंल का?"

संगीताने तोंडाला पदर लावला.

मी आमच्या सय्यद वकिलांना फोन लावला. "सर, जामीनदार मिळाला."

"कौन? भाऊ?"

"नाही, वैरी."

"मजाक नका करू मॅडम. ऐनवेळी फिरला तर?"

"फिरणारे चहा पाजतात सर. यांनी चहा विचारलाच नाही."

कोर्टात साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आरोपीला कसे ओळखता?" सय्यद सरांनी 'शेजारी आहे' एवढंच म्हणायला शिकवून ठेवलं होतं. तात्या म्हणाले, "आमचं बांधाचं भांडण हाय, साहेब." सरांनी कपाळाला हात लावला.

"मग जामीन का राहता?"

"ह्यो पळायचा नाय म्हणून. पळाला तर बांध माझा झाला. जीव दील, पण बांध सोडायचा नाय. भावकीपरीस मीच त्याला जास्त वळखतो."

साहेबांनी मान खाली घातली, बहुतेक हसू लपवायला. काम झालं.

जेलच्या दाराशी रावसाहेब बाहेर आला, तशी संगीता रडायला लागली. त्याने तात्यांकडे पाहिलं आणि विचारलं मला, "मॅडम, त्यान्ला इचारा, बांधावरची बाभळ तोडली का?"

"त्याला सांगा, तो नसताना तोडून काय मजा?" तात्या म्हणाले.

रावसाहेब त्यांच्या पायाशी वाकला. तात्यांनी पाय मागे घेतले, पण जरा उशिराच.

आजीजवळ बसायला बाप आला आणि प्रतीक्षा शाळेत गेली. दहावीचे पेढे तिने माझ्याआधी बांध ओलांडून तात्यांना नेऊन दिले, आणि तेच बरोबर होतं. रावसाहेब कोर्टाची एक तारीख चुकला नाही. बांधाची मोजणी अजून व्हायचीय.

मी तात्यांचे उपकार विसरलेले नाही. संगीतासाठी तर मानतेच, माझ्या कामासाठीही मानते. त्यानंतर कुठल्याही गावात जामीनदार शोधायला गेले की मी भावकीची चौकशी नंतर करायची. आधी विचारायची, "यांच्या बांधाला बांध कोणाचा?"